बोट शाकारताना डिझेल आणि पेट्रोल कसे सांभाळावे

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मुंबईत मात्र अनेक नाखवा (बोटीचे मालक) नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय बोट बाहेर काढत नाहीत, आणि ही पौर्णिमा दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. २०२५ मध्ये ती ८ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण असल्यामुळे ती ३० ऑगस्टला आली. म्हणजे शाकारलेली, पावसाळ्यासाठी झाकून ठेवलेली, बोट कधी दोन महिने, तर कधी पूर्ण तीन महिने उभी राहते, आणि तेवढा सगळा काळ टाकीतले, पिंपातले आणि कॅनमधले इंधन पावसाळी हवेत पडून राहते.

या काळात जाळी विणली जातात, लाकूडकाम होते, फायबरचे थर चढतात, रंग लागतो. इंधनाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही, कारण ते झाकलेले असते आणि वरून चांगलेच दिसते. एका वर्षी आमच्या घरच्या बोटीचे इंजिन मोसमाच्या पहिल्याच फेरीत वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटत होत्या नेमक्या त्याच जागी, बंद पडले. मागून येणाऱ्या बोटीने दोर टाकला म्हणून आम्ही परत आलो. फिल्टर उघडला तेव्हा त्यात डिझेलपेक्षा पाणीच जास्त होते. डेकवरच्या भरणीच्या (इंधन भरण्याच्या तोंडाच्या) झाकणाखालची रबरी रिंग चिरलेली होती आणि दोन महिन्यांचा पाऊस तिथून थेंबाथेंबाने टाकीत उतरला होता. तेव्हापासून मी ही गोष्ट प्रत्येकाला सांगत आलो आहे की दोन-तीन महिन्यांत चांगले डिझेल आपोआप खराब होत नाही. त्याला पाणी खराब करते. डिझेल सांभाळणे म्हणजे मुख्यतः त्यात पाणी शिरू न देणे आणि शिरलेले पाणी वेळेवर काढणे. पेट्रोलचे गणित थोडे वेगळे आहे, आणि आगीचा धोका दोन्हींना आहे. त्यामुळे खाली या तिन्ही गोष्टी कामाच्या क्रमाने मांडल्या आहेत.

कामाला केव्हा लागावे

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करावी. बंदी १ जूनला लागते म्हणून ३१ मेला कामाला हात घालणारे बरेच जण असतात, पण वादळ तारीख पाहून येत नाही. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेले आणि किनाऱ्यावरच्या अनेक बोटींचे त्यात नुकसान झाले. त्याआधीच्या वर्षी निसर्ग वादळ ३ जूनला अलिबागजवळ जमिनीवर आले. लवकर सुरुवात करण्याचे दुसरे कारण अगदी व्यवहाराचे आहे. मेअखेरीस खलाशी हिशेब करून गावी जातात, आणि टाकी उपसण्याचे, पिंपे हलवण्याचे काम एकट्या नाखवाच्या हातून होत नाही. तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि दोन खलाशी हाताशी असतानाच इंधनाचे काम उरकून घ्यावे.

टाकी भरून ठेवावी की रिकामी करावी

याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. बोट कुठे आणि कशासाठी उभी राहणार आहे, यावर ते अवलंबून आहे.

बोट खाडीत किंवा गोदीत पाण्यावरच राहणार असेल आणि तिच्यावर वेल्डिंग किंवा मोठे दुरुस्तीकाम निघणार नसेल, तर डिझेलची टाकी जवळजवळ भरून ठेवणे उत्तम. टाकीत रिकामी जागा जितकी जास्त, तितकी दमट हवा आत-बाहेर करते आणि तितका ओलावा आतल्या पत्र्यावर जमतो. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. मात्र टाकी काठोकाठ भरू नये. डिझेल तापले की फुगते. हजार लिटर डिझेलचे तापमान दहा अंशांनी वाढले तर ते साधारण आठ लिटरने वाढते, आणि जागा नसेल तर ते हवेच्या नळीतून डेकवर, तिथून खाडीत जाते. म्हणून शंभरातले पाच भाग मोकळे ठेवावेत.

बोट किनाऱ्यावर ओढून घेतली असेल, तिचा पत्रा कापायचा असेल, इंजिनाचे पाये जोडायचे असतील किंवा टाकीच्या आसपास कोणतेही तापवण्याचे काम होणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, हवा खेळवून ठेवावी. वजनाचाही विचार करावा. हजार लिटर डिझेल म्हणजे सव्वाआठशे किलोच्या आसपास भार असतो, आणि बोट वाळूवर किंवा लाकडी टेकूंवर उभी असताना तो सगळा भार तळाच्या थोड्याशा भागावर येतो.

सर्वांत वाईट अवस्था अर्ध्या टाकीची, आणि नेमकी तीच आपल्याकडे जास्त दिसते. याला कारणे आहेत. मोसम संपताना हातात पैसा कमी असतो, जाळ्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च समोर उभा असतो, जूनमध्ये मुलांच्या शाळा सुरू होतात आणि मच्छीमार संस्थेकडून मिळणारा डिझेलचा कोटाही ठरलेला असतो. टाकी भरण्यासाठी पैसे अडकवणे सगळ्यांना जमत नाही, हे मी समजू शकतो. अशा वेळी एक उपाय करता येतो. बोटीवर दोन टाक्या असतील तर दोन्हींतले डिझेल गाळून एकाच टाकीत घ्यावे आणि दुसरी पूर्ण रिकामी व कोरडी करावी. दोन अर्ध्या टाक्यांपेक्षा एक भरलेली आणि एक कोरडी टाकी कधीही बरी. एकच टाकी असेल आणि ती भरणे शक्य नसेल, तर पुढे सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवसांनी तळ तपासण्याची शिस्त पाळावी. त्या शिस्तीने बरेच भागते.

टाकीच्या तळाचे पाणी काढणे

डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाणी नेहमी तळाशी जाऊन बसते. बोट किमान एक दिवस न हलवता उभी राहिल्यावरच हे काम करावे, कारण हिंदकळलेल्या टाकीत पाणी बारीक थेंबांच्या रूपात डिझेलमध्ये पसरलेले असते आणि कॉक उघडला तरी ते पूर्ण बाहेर येत नाही.

तळाच्या कॉकखाली स्वच्छ, रुंद तोंडाची काचेची बरणी धरून प्रथम अर्धा लिटर काढावे आणि ती बरणी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी वर स्वच्छ, झळझळीत डिझेल आणि खाली पाण्याचा थर असे दोन भाग स्पष्ट दिसतात. दोन्हींच्या मधोमध तपकिरी किंवा काळसर चिकट पापुद्रा दिसला, तर टाकीत जंतूंची वाढ सुरू झाली आहे असे समजावे. डिझेल नुसतेच धुरकट दिसत असेल तर त्यात पाण्याचे बारीक कण अजून तरंगत आहेत. त्याला आणखी एक-दोन दिवस बसू द्यावे. बरणीत पाणी दिसत असेल, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत कॉकमधून थोडे थोडे काढत राहावे.

टाकीला तळाचा कॉक नसेल, तर हातपंपाची नळी टाकीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन तिथून उपसावे. यात एक चूक हमखास होते. बोट पाण्यात तरंगताना जो कोपरा सर्वांत खाली असतो, तोच किनाऱ्यावरही खाली असेल असे नाही. नाळ (बोटीचे पुढचे टोक) उंच आणि मागची बाजू खाली अशी बोट ओढून ठेवली असेल, तर पाणी मागच्या बाजूला गोळा होते आणि पुढे बसवलेल्या कॉकमधून स्वच्छ डिझेलच येत राहते. आपण समाधानाने कॉक बंद करतो आणि पाणी आतच राहते. बोट कोणत्या बाजूला कलली आहे ते आधी पाहावे आणि मग नळी कुठे न्यायची ते ठरवावे.

पेट्रोल पंपावर टाकीतले पाणी मोजण्यासाठी जी पेस्ट काठीच्या टोकाला लावतात, ती आपल्यालाही उपयोगी पडते. पेस्ट लावलेली काठी तळाला टेकवून अर्धा मिनिट धरली की पाणी लागलेल्या उंचीपर्यंत तिचा रंग बदलतो आणि तळाशी किती बोटे पाणी आहे ते लगेच कळते. तिची एक नळी अनेक मोसम पुरते.

काढलेले पाणीमिश्रित डिझेल खाडीत, गटारात किंवा वाळूवर ओतू नये. ज्या खाडीत माशांची पिले वाढतात तिथेच ते परत जाते. वेगळ्या कॅनमध्ये भरून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, आणि बंदरावरच्या वापरलेल्या इंजिन ऑइलबरोबर ते अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

पाणी शिरते कुठून

पुस्तकी माहितीत टाकीत पाणी येण्याचे पहिले कारण हवेतला ओलावा थंड पत्र्यावर जमणे असे दिलेले असते. थंड देशांत ते खरे असेल. मुंबईच्या पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे माझ्या पाहण्यात तरी ओलाव्यापेक्षा सरळ पावसाचे पाणीच जास्त घात करते. ते मुख्यतः दोन वाटांनी येते, डेकवरच्या भरणीच्या झाकणातून आणि हवेच्या नळीतून.

झाकणाखालची रबरी रिंग दर मोसमाला बदलावी. बोटीच्या एकूण खर्चात तिची किंमत नगण्य आहे. झाकणाच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून ते घट्ट बसवावे, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा दोरीने आवळून बांधावा आणि झाकणाभोवती पाणी साचत असेल तर ते वाहून जाण्याची वाट मोकळी करावी. हवेच्या नळीचे तोंड खाली वळलेले आहे का आणि तिच्या टोकाची जाळी शाबूत आहे का, ते पाहावे. ही नळी बूच मारून कधीही बंद करू नये. टाकीला श्वास घेता आला नाही तर तापल्यावर आत दाब साठतो, थंड झाल्यावर ओढ बसते आणि ती ओढ जिथे सांधा कच्चा असेल तिथून पाणी आत खेचते. नळीच्या तोंडावर पावसाचा मारा अडवणारे, पण हवा जाऊ देणारे आच्छादन पुरे.

तिसरी वाट मोठ्या पावसाची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा पाऊस रोज होत नाही, पण एका रात्रीच्या मुसळधार पावसातही उघड्या बोटीचा तळ भरतो आणि टाकी बुडेल इतके पाणी चढते. म्हणून बोट पाण्यावर असो वा किनाऱ्यावर, प्रत्येक मोठ्या पावसानंतर तळातले पाणी उपसायला माणूस गेलाच पाहिजे. त्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर आधी तो फडक्यांनी किंवा लाकडाच्या भुशाने टिपून घ्यावा आणि मगच पंप लावावा.

ताडपत्री बांधताना बहुतेक जण ती चारी बाजूंनी इतकी घट्ट आवळतात की आत हवाच खेळत नाही. ओल आत कोंडते, आणि कुठे थोडी गळती असेल तर वाफही आत कोंडते. नाळेकडे आणि मागच्या बाजूला हातभर फट ठेवावी, म्हणजे वारा आरपार जाईल.

डिझेलमधले शेवाळ

मच्छीमार ज्याला शेवाळ म्हणतात ते खरे शेवाळ नसते. बुरशी आणि जिवाणू पाणी व डिझेल यांच्या सीमेवर वाढतात, पाण्यात राहतात आणि डिझेलवर पोसतात. पंचवीस ते पस्तीस अंशांची उष्णता त्यांना मानवते, म्हणजे मुंबईचा पावसाळा त्यांच्यासाठी अगदी अनुकूल. त्यांचा चिकट गाळ फिल्टर बंद करतो, आणि त्यांच्यापासून तयार होणारी आम्ले टाकीचा पत्रा खालून खातात. पाणी काढले की त्यांचा आधारच जातो, म्हणून वरचे काम नीट झाले असेल तर औषधाची गरज क्वचितच पडते.

वाढ झालीच असेल तर डिझेलसाठीच बनवलेले जंतुनाशक वापरावे, आणि डबीवर लिहिलेल्या मापानेच वापरावे. अंदाजाने जास्त ओतल्याने काम लवकर होत नाही, उलट इंधनाला आणि माणसाच्या कातडीला त्रास होतो. हातमोजे आणि चष्मा घालावा. औषधाने मेलेली बुरशी तुकड्या-तुकड्यांनी सुटून फिल्टरमध्ये येते, त्यामुळे त्यानंतर लागोपाठ दोन-तीन फिल्टर बदलण्याची तयारी ठेवावी. गाळ जास्त असेल तर टाकी रिकामी करून हाताने साफ करण्याला पर्याय नाही. टाकीत फिनेल, घासलेट किंवा स्पिरिट ओतण्याचे जे उपाय कानावर येतात, ते कोणीही करू नयेत. स्पिरिट तळाचे पाणी विरघळवून थेट इंजेक्टरपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत) नेते, आणि एका इंजेक्टरच्या किमतीत कितीतरी फिल्टर येतात.

पिंपे आणि कॅन

टाकी रिकामी केली की डिझेल पिंपात जाते आणि खरी निष्काळजी तिथे सुरू होते. पावसात उभे ठेवलेले पिंप पाहावे. वरच्या कड्याच्या आत पाण्याचे तळे साचलेले असते आणि दोन्ही बुचे त्या तळ्यात बुडालेली असतात. दिवसा पिंप तापते, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री ते थंड होते आणि त्याच वाटेने वरचे पाणी आत ओढून घेते. बूच कितीही घट्ट असले तरी हे घडते. म्हणून पिंप शेडखाली ठेवावे, आणि शेड नसेल तर आडवे करून ठेवावे, अशा बेताने की दोन्ही बुचे घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी येतील. तसे केले की बुचे आतून डिझेलमध्ये बुडालेली राहतात आणि बाहेरचे पाणी आत येऊ शकत नाही. उभेच ठेवायचे असेल तर एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून ते असे तिरके करावे की पाणी बुचांपासून दूर साचेल.

पिंपे जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत, भरतीचे आणि पावसाचे पाणी चढते त्या रेषेच्या वर ठेवावीत आणि दोराने बांधावीत, कारण रिकामे किंवा अर्धे पिंप पाण्यात सहज तरंगत निघून जाते. प्रत्येक पिंपावर डिझेलचे नाव आणि भरल्याची तारीख रंगाने लिहावी. आतून जस्ताचा मुलामा असलेले भांडे डिझेलसाठी वापरू नये. जस्त डिझेलशी मिळून चिकट साका तयार करते, आणि तांबे किंवा पितळ डिझेल लवकर जुने करते. रंगाचे, रसायनांचे किंवा खाद्यतेलाचे जुने पिंप कितीही धुतलेले असले तरी घेऊ नये.

कायद्याची मर्यादाही माहीत असावी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार, डिझेल ज्या वर्गात मोडते त्या वर्गाचे इंधन परवान्याशिवाय एका जागी २,५०० लिटरपर्यंत ठेवता येते आणि त्यातले कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत ठेवता येते, आणि धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे. चार-पाच बोटींचे डिझेल एकाच शेडमध्ये जमा झाले तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, म्हणून संस्थेने किंवा शेडच्या मालकाने एकत्रित हिशेब ठेवावा.

कायदा काहीही सांगो, कोळीवाड्यातल्या घरात इंधन ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. वरळी असो, वेसावे असो की धारावी कोळीवाडा, गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की अग्निशमनाची गाडी आतपर्यंत पोहोचत नाही. जिन्याखाली पेट्रोलचा कॅन, शेजारी स्वयंपाकाचा गॅस आणि भिंतीपलीकडे दुसऱ्याचे बिऱ्हाड अशी मांडणी मी स्वतः पाहिली आहे. बंदरावर, वस्तीपासून वेगळी, वारा खेळता असलेली आणि कुलूप लावता येईल अशी एक सामाईक जागा प्रत्येक संस्थेने करावी. चोरीची भीतीही त्यामुळे कमी होते.

पेट्रोलवर चालणारी लहान मशीने

गोराई, मनोरी किंवा माहुलच्या खाडीत लहान होड्यांना जी बाहेरून लावायची पेट्रोलची मशीने असतात, त्यांच्या बाबतीत वरचा नियम उलटा होतो. तिथे इंधन साठवू नये, संपवावे. आज पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी उतरतात. वर उरलेले पेट्रोल कमी ताकदीचे असते आणि खालचा थर कार्बोरेटरच्या धातूला गंज चढवतो. एकदा असे वेगळे झालेले पेट्रोल हलवून पुन्हा एक होत नाही.

म्हणून शेवटच्या आठवड्यात लागेल तेवढेच पेट्रोल आणावे. मोसम संपल्यावर सुट्या टाकीत उरलेले पेट्रोल, त्यात टूटी ऑइल (दोन स्ट्रोकच्या इंजिनाचे ऑइल) मिसळलेले नसेल तर, लगेच दुचाकीत वापरून टाकावे. ऑइल मिसळलेले पेट्रोल आजच्या चार स्ट्रोकच्या दुचाकीत घालू नये. ते त्याच जातीच्या मशीनमध्येच संपवावे. कार्बोरेटरचे मशीन असेल तर गोड्या पाण्याची जोडणी करून ते चालू करावे, इंधनाची नळी काढावी आणि आपोआप बंद होईपर्यंत चालू द्यावे. मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढावेत. या वेळी थंड पाणी सतत मिळत आहे ना, याकडे लक्ष असावे, नाहीतर पाण्याच्या पंपाचे रबर जळते. इंधन इंजेक्शनचे मशीन मात्र असे कोरडे होईपर्यंत चालवू नये, कारण त्याचा पंप इंधनानेच थंड राहतो. त्यासाठी ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे औषध) घालून दहा-पंधरा मिनिटे चालवावे, म्हणजे ते नळ्यांमध्ये सगळीकडे पोहोचते, आणि बाकी कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे करावे.

रिकामी झालेली सुटी टाकी झाकण उघडून, मोकळ्या हवेत, सावलीत वाळवावी. कॅनमध्ये पेट्रोल भरताना कॅन गाडीत किंवा होडीत न ठेवता जमिनीवर ठेवावा आणि नळीचे तोंड कॅनला टेकलेले असावे, म्हणजे घर्षणाची वीज साठून ठिणगी पडत नाही. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरू नये. तहानलेले मूल ती बाटली उचलते.

दुरुस्ती आणि आग

बंदीचे दोन महिने हा वेल्डिंगचा मोसम असतो, आणि म्हणूनच इंधनाचा सर्वांत मोठा धोका याच काळात असतो. डिझेल पेटत नाही हा समज मनातून काढून टाकावा. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान, किमान ३५ अंश असावा असे मानक आहे, आणि मेच्या उन्हात लोखंडी डेकखालची टाकी ३५ अंशांपुढे सहज जाते. पेट्रोलची वाफ तर हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती उडून न जाता बोटीच्या तळात खाली साठते आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले तरी ठिणगी पुरते.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, ही गोष्ट प्रत्येक वेल्डरला आणि प्रत्येक नाखवाला ठाऊक असलीच पाहिजे. भरलेल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागा नसते. नुकत्याच उपसलेल्या टाकीत पत्र्याला चिकटलेल्या थराची वाफ आणि हवा यांचे नेमके स्फोटक मिश्रण तयार होते. टाकीलाच डाग द्यायचा असेल तर ती बोटीतून काढून, गरम पाणी व साबणाने दोनदा धुऊन, वाफ देऊन आणि वायू मोजणाऱ्या यंत्राने तपासून घेतल्यावरच, हे काम जाणणाऱ्या कारखान्यातून करून घ्यावी. नुसता वास येत नाही म्हणून टाकी सुरक्षित झाली असे मानू नये. जवळपास वेल्डिंग असेल तर टाकीचा कॉक आणि परतीच्या नळीचा कॉक दोन्ही बंद करावेत, तळ कोरडा पुसून घ्यावा, नळ्या ओल्या गोणपाटाने झाकाव्यात, एक माणूस फक्त ठिणग्यांवर लक्ष ठेवायला उभा करावा आणि काम संपल्यावरही त्याने अर्धा तास जागा सोडू नये.

फायबरच्या कामातले हार्डनर आणि अॅसिटोन इंधनाच्या जागेपासून दूर, आणि एकमेकांपासूनही वेगळे ठेवावेत. हार्डनर आणि कोबाल्टचे प्रवेगक थेट एकत्र आले तर तेच पेट घेऊ शकतात. बॅटरीची ऋण बाजू आधी सोडून बॅटरी किनाऱ्यावर न्यावी आणि चार्ज करायची ती इंधनापासून लांब, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर आणि स्टोव्ह बोटीवरून उतरवावा. राखणीला राहणारा माणूस बोटीवरच चूल मांडतो हे सर्रास दिसते. त्याच्या जेवणाची सोय किनाऱ्यावर करणे हे नाखवाचे काम आहे.

जवळ ड्राय पावडरचे किंवा फोमचे अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या असाव्यात. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते दर महिन्याला पाहावे. तेलाच्या आगीवर पाणी मारू नये, ते पेटते तेल पसरवते. आग हाताबाहेर जात आहे असे वाटले तर माणसे बाहेर काढून १०१ वर फोन करावा.

पंधरा दिवसांची फेरी

जून आणि जुलैमध्ये दर पंधरा दिवसांनी, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर, एकदा बोटीवर जावे. बरणीत तळाचा नमुना घ्यावा, झाकण आणि हवेची नळी पाहावी, नळ्यांच्या जोडांवरून कोरडे पांढरे फडके फिरवावे म्हणजे बारीक गळतीही डाग म्हणून दिसते, आणि पिंपांची बुचे हाताने तपासावीत. अर्ध्या तासाचे हे काम वहीत तारखेसह लिहून ठेवले की पाणी कुठल्या पावसानंतर आले ते कळते, आणि त्यावरून ते कुठून येते तेही सापडते.

समुद्रात जाण्याआधी

नारळी पौर्णिमेच्या किमान आठवडाभर आधी टाकीचा तळ पुन्हा उपसावा. पिंपातले डिझेल टाकीत परत भरताना शेवटचे चार बोटे डिझेल पिंपातच सोडावे आणि बाकीचे पाणी अडवणाऱ्या गाळणीतून घ्यावे. दोन्ही डिझेल फिल्टर नवे बसवावेत, वॉटर सेपरेटरची (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याची) काच धुऊन स्वच्छ करावी, हातपंप मारून नळ्यांतली हवा पूर्ण काढावी आणि बोट बांधलेलीच ठेवून इंजिन किमान अर्धा तास, शक्य असेल तर गियरमध्ये थोड्या भारावर, चालवावे. नुसते मिनिटभर चालू करून बंद केल्याने काहीच कळत नाही, कारण तेवढे डिझेल फिल्टरमध्येच असते. तळाचा गाळ इंजिनापर्यंत यायला वेळ लागतो.

बोटीच्या पूजेचा दिवा आणि अगरबत्ती नाळेजवळ लावावी, भरणीच्या झाकणापासून आणि हवेच्या नळीपासून दूर. त्याच सकाळी डिझेल भरायचे असेल तर आधी पूजा आटोपावी, दिवा विझवावा आणि मग डिझेल भरायला घ्यावे.

पहिल्या फेरीत तीन जादा फिल्टर, ते उघडण्याचा पाना आणि एक रिकामी बरणी बरोबर ठेवावी. टाकीचे कोपरे कितीही साफ केले तरी बंदरात न सुटलेला गाळ पहिल्या मोठ्या लाटांनी सुटतो. म्हणून खाडीचे तोंड ओलांडण्याआधी बोट थोडा वेळ आतल्या पाण्यात फिरवावी, सेपरेटरच्या काचेत पाणी दिसते का ते तांडेलाने स्वतः वाकून पाहावे, आणि पाणी दिसले तर ते तिथेच काढून मगच बाहेर पडावे.